नळी, चमचा आणि पाटवडी

माणसाला बोटं असतात, हा शोध आमच्या रुग्णालयाला मुंबईहून आलेल्या एका बाईंनी लावून दिला. त्यासाठी त्या विमानाने नागपूरला आणि तिथून गाडीने यवतमाळला आल्या. सभागृहात पडदा लावला, दिवे मालवले आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं, फिंगर फूड. लकवा मारलेल्या वयस्क रुग्णाला चमचा धरवत नाही, म्हणून त्याला बोटांनी उचलून खाता येईल असं काहीतरी द्यावं, जगभर आता असंच करतात, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. समोर आम्ही सगळे बसलेलो, जन्मभर बोटांनीच जेवलेले. माझ्या शेजारी आमचे मुख्य आचारी होते, त्यांना सगळे महाराज म्हणतात. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "मॅडम, मंग हे लोक आतापर्यंत कायनं खात होते?"

पडद्यावर चित्रं आली. गाजराच्या उभ्या फोडी, काकडीचे तुकडे, चीजचे चौकोन आणि ब्रोकोली नावाचं एक हिरवंगार फूल. ते फूल मी यवतमाळच्या बाजारात मागितलं असतं, तर भाजीवालीने मला हारवाल्याकडे पाठवलं असतं. मी हात वर केला. म्हटलं, बाई, लकव्याच्या माणसाला कच्चं गाजर दिलं तर ते पोटात जायच्या आधी श्वासनळीत अडकेल. त्या गोड हसल्या. "ते तुम्ही लोकलाइझ करा ना," म्हणाल्या आणि चहाला उठल्या. चहासोबत बिस्किटं होती. ती त्यांनी बोटांनीच खाल्ली.

हसायला हसलो आम्ही पोट धरून. पण खोटं कशाला बोलू, बाईंचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. कारण आमच्या वॉर्डात आम्ही वर्षानुवर्षं काय करत होतो? ज्या माणसाने घरात चमचा फक्त साखरेच्या डब्यात बघितला, त्याचा उजवा हात गेला की त्याच्या डाव्या हातात आम्ही स्टीलचा चमचा द्यायचो. वाटीत पातळ खिचडी. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर खिचडी छातीवर. मग गळ्यात फडकं बांधायचं, मग नातेवाईक म्हणणार, आणा इकडे, मी भरवतो. एकदा भरवणं सुरू झालं की त्या माणसाशी सगळे 'आ कर, आ कर, शहाणं माझं बाळ' असंच बोलायला लागतात. कालपर्यंत तो माणूस ग्रामपंचायतीत भांडत असतो.

मी यवतमाळच्या एका धर्मादाय रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते, तिथूनच निवृत्त झाले. लोक म्हणत डायटवाल्या मॅडम. रुग्णांच्या मते माझं काम एकच, मीठ चोरणं. वऱ्हाडातल्या माणसाला बिनतिखटाचं जेवण पाठवणारी बाई म्हणून ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत, त्या नजरेने कोणी तलाठ्याकडेही बघत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लकवा म्हणजे हात-पाय जाणं. अहो, गिळणंही जातं. घरचं माणूस पाण्याच्या घोटाला ठसकून निळं पडेपर्यंत हे कोणाला माहीत नसतं. म्हणून आमच्याकडे आधी गिळण्याची तपासणी व्हायची. जमलं तर मऊ, ओलसर, दाट अन्न द्यायचं. माणसाला ताठ बसवायचं, एका वेळी लहान घास, तोंडात घास असताना बोलायचं नाही आणि बोलवायचंही नाही. जेवण झालं की लुळ्या बाजूच्या गालात बॅटरी मारून बघायचं, कारण तिथे अन्न साठून राहतं आणि त्याचा त्याला पत्ता नसतो. गिळणं जमलंच नाही, तर नाकातून पोटात नळी.

नळी घातली की घरच्यांना हायसं वाटतं. मोजून ओतलं, काम झालं. रुग्णाला मात्र ती नको असते. तो ती उपटतो. सिस्टर परत घालते आणि मग उपटणारा हात पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधतात. म्हणजे एक हात लकव्याने नेलेला आणि दुसरा आम्ही बांधलेला. हे तुमच्या माणसाच्या भल्यासाठीच आहे, असं आम्ही नातेवाइकांना सांगतो. ते खरंही असतं, म्हणून सांगताना आणखीच जिवावर येतं.

तर मुंबईच्या बाई गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी महाराजांनी फिंगर फूड म्हणून भजी तळली. मी कपाळाला हात लावला. मग लाडू केले. त्यांचा मुठीत भुगा झाला, आणि भुगा घशात गेला की ठसका ठरलेला. साबुदाण्याचा वडा टाळूला असा चिकटला की काढायला सिस्टर बोलवावी लागली. महाराज वैतागले. "मॅडम, मऊ पाह्यजे म्हणता, मंग म्हणता मोडलं नाई पाह्यजे. ओलं पाह्यजे म्हणता, मंग म्हणता हाताले चिकटलं नाई पाह्यजे. हे खाणं होय का जावई होय?" शेवटी आम्ही पाटवडीवर येऊन थांबलो. फोडणीच्या पाण्यात बेसन घोटून शिजवायचं, तेल लावलेल्या ताटात थापायचं, वड्या पाडायच्या. आमच्याकडे ती झणझणीत रश्श्यात बुडवून खातात. बोटात धरली तर तुटत नाही, जिभेने दाबली तर विरघळते. तिच्या जोडीला पिकलेली पपई, उकडलेलं रताळं, मऊ इडली. कार्यक्रमाचं इंग्रजी नाव तेच ठेवलं, कारण 'पाटवडी देणे' असं नाव असलेल्या कार्यक्रमाला व्यवस्थापनाने फलक छापून दिला नसता.

गमतीही झाल्या. दिग्रसचे एक आजोबा ताटातलं उजवीकडचं सगळं फस्त करत आणि डावीकडचं तसंच ठेवत. आणि वर ओरडत, "अर्धंच ताट वाढून राह्यल्या, भीक देऊन राह्यल्या काय मले?" मेंदूच्या उजव्या अंगाला मार बसला की काही जणांना डावी बाजू अस्तित्वातच नाही असं होतं. आमच्या वॉर्डातल्या मावशीने नुसतं ताट फिरवलं. "घ्या, आबाजी." आजोबा विजयी मुद्रेने म्हणाले, "बोललो तवा देल्लं नं!" घरी जाताना त्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार केली ती केलीच.

पण मला सांगायचंय ते सुभद्राबाईंबद्दल.

सुभद्राबाई केळापूरच्या. नवरा निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. मुलगा यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला कारखान्यात, त्यामुळे मुलगा-सून यवतमाळातच राहायचे. सून वंदना रोज दोन्ही वेळा यायची. गुरुजी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून वॉर्डाचं शुद्धलेखन तपासायचे. सिस्टर मेश्राम म्हणाली, "बीपी पाहून राह्यली," की गुरुजी म्हणत, "पाहत आहे म्हणावं, सिस्टर." वर्तमानपत्रातलं आरोग्याचं पान कापून मला आणून देत आणि वाचून दाखवत. मला! ज्या विषयात मी केस पांढरे केले त्यात.

सुभद्राबाईंची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. उरले होते दोन शब्द, 'घ्या जी'. डॉक्टर आले, घ्या जी. मावशी झाडायला आली, घ्या जी. सिस्टरने सुई टोचून रक्त काढलं तरी घ्या जी. लकव्यात असं होतं. सगळी भाषा पुसली जाते आणि जिभेवर रोज घासून गुळगुळीत झालेला एखादा बोल तेवढा मागे राहतो. कोणाची शिवी राहते, कोणाचं देवाचं नाव राहतं. डॉक्टरांनी सांगितलं, याला अर्थ नसतो.

आल्या तेव्हा त्यांना नळी होती. त्यांनी ती उपटली, मग हात बांधला. बांधलेल्या हाताची बोटं दिवसभर हलत असायची, चादर चाचपत. मग गिळण्याची तपासणी चांगली निघाली, नळी काढली, हात सोडला. डॉक्टर तरुण होते, मनाने चांगले, पण घड्याळाशी लग्न लागलेलं. त्यांनी बजावलं, "पोटात पुरेसं गेलं नाही तर मी रिस्क घेणार नाही. नळी परत." नळी परत म्हणजे हात परत कठड्याला. बाईकडे हात तेवढा एकच होता.

आणि बाई जेवेना. नळीनंतर सुरुवात चमच्यानेच व्हायची. चमचा जवळ नेला की ओठ घट्ट. मान तिकडे. वंदना रडकुंडीला आली. वॉर्डात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. डॉक्टर म्हणाले, नैराश्य. मी म्हटलं, डाव्या हाताने खाण्याची लाज वाटत असेल. मावशी म्हणाली, नजर. गुरुजींनी तर सगळ्यांवर कडी केली. "तिला पहिल्यापासूनच भूक कमी," म्हणाले.

"यांना काय आवडतं खायला?" मी वही न काढता सहज विचारलं.

"वांग्याची भाजी. आणि कढी. कढीत आलं जास्त."

वंदना हळूच म्हणाली, "ते तुम्हाला आवडते बाबा."

"मग तिलाही आवडत असेलच की."

"गुरुजी," मी म्हटलं, "यांना जेवताना बघितलंय तुम्ही कधी?"

गुरुजी रागावले. मग विचारात पडले. चांगले दमदार विचारात पडले. "म्हणजे काय आहे," ते म्हणाले, "आमचं सगळ्यांचं झालं की ती बसते. आत, स्वयंपाकघरात. तिथे आपण कशाला जायचं?"

वंदनाला विचारलं तर म्हणाली, "आईंचं वेगळं ताट मी नाही पाह्यलं मॅडम. भांड्याच्या बुडाला जे राह्यते नं, थे खरवडून घेते." हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. मीही मान डोलावली आणि पुढच्या पलंगाकडे गेले. तसं बघितलं तर सगळं उत्तर तिथेच मिळालं होतं. पण आमचं डोकं फिंगर फूडमध्ये अडकलेलं.

दुसऱ्या दिवशी पाटवडीचं ताट लागलं. भरवणं बंद व्हावं म्हणून जेवणाच्या वेळी नातेवाइकांनी वॉर्डाबाहेर थांबायचं असा आमचा नवा नियम, त्यामुळे गुरुजी व्हरांड्यात बाकावर सुनेचा डबा उघडून बसलेले. मी दारातून बघितलं. सुभद्राबाईंनी ताटाकडे पाहिलं, डावा हात पुढे केला आणि वडी उचलली. अहो, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं! सिस्टर मेश्रामने माझा दंड दाबला. मी तशीच पळत ऑफिसात गेले आणि डॉक्टरांना सांगितलं. तासाभराने शिकाऊ डॉक्टर येऊन म्हणाला, ताट रिकामं. संध्याकाळी रिकामं. पुढच्या दिवशीही रिकामं.

रुग्णालयात आनंदीआनंद झाला. रिकाम्या ताटासोबत सुभद्राबाईंचा फोटो काढला. त्यात डॉक्टर, मी, महाराज, आणि जे कधी वॉर्डात येत नाहीत ते व्यवस्थापक मधोमध. फोटो मुंबईच्या बाईंना गेला. त्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. गुरुजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले की डाव्या हाताची कल्पना मूळची त्यांची.

एवढं सगळं झालं आणि बाई वाळत चाललेली. जीभ कोरडी, डोळे खोल, बसवलं की घेरी. डॉक्टर चक्रावले. सगळं खाते आणि अंगी लागत नाही म्हणजे काय? त्यांनी आणखी तपासण्या लिहिल्या. पोटाची, थायरॉईडची, कशाकशाची. खाल्लेलं जातं कुठे हे शोधायला आम्ही मशीन लावायला निघालो होतो.

तिसऱ्या दिवशी काहीतरी विसरलं म्हणून मी ऐन जेवणाच्या वेळी वॉर्डात परत गेले. सुभद्राबाईंच्या पलंगाशी मावशी उभी, गाल फुगलेला. मला बघून तिने घास गिळायचा प्रयत्न केला आणि तिलाच ठसका लागला.

"काय खाऊन राह्यली गं?"

"काही नाई मॅडम."

"तोंड उघड."

पाटवडी! मी इतकी चिडले की काही विचारू नका. रुग्णाच्या तोंडचा घास खाते, लाज नाही वाटत, वगैरे जे तोंडाला येईल ते बोलले. मावशी रडायला लागली. "अवं माय, म्या मांगतली नाई वं! थेच देते. 'घ्या जी, घ्या जी' करते, हात तसाच धरून ठेवते. नाई घेतलं त डोळ्यात पाणी आणते. मंग मी का करू? परवा थ्या शिकाऊ डॉक्टरनं बी दोन खाल्ल्या, त्याईले इचारा!"

बाजूच्या पलंगावर खैरूनबी होत्या. पांढरकवड्याच्या, हायवेवर त्यांच्या मुलांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज. डावी बाजू गेलेली, पण जीभ शाबूत, आणि ती दोन्ही बाजूंची भरपाई करायची. त्यांनी पलंगावरूनच कबुली दिली. "मैं बी खाई मॅडम. झूट कायकू बोलूँ. अच्छी रहती, बस नमक कम." मग माझ्याकडे पाहून त्या चांगल्याच वैतागल्या. "अरे तुमकू समजता नई क्या? घर के लोग खाए बगैर वो कैसी खाएगी? पहले सबकू खिलाएगी, बाद में बचा तो खाएगी. बचता नई. हमारे घर में बी वैसाच है, तुमारे घर में नई क्या?"

होतं ना. माझ्या घरी तेच होतं. सिस्टर मेश्रामच्या घरी तेच, मावशीच्या घरी तेच. वॉर्डात आम्ही इतक्या बाया, प्रत्येकीने सकाळी घरी सगळ्यांना वाढून, उरलेलं उभ्याउभ्या गिळून ड्यूटी गाठलेली. आणि आम्हीच त्या बाईला नैराश्य, नजर आणि थायरॉईड लावत होतो. इतकी वर्षं दुसऱ्यांची भूक मोजून पगार घेतला आणि हे दिसलं नाही. लाज वाटली, हसूही आलं. सुभद्राबाई माझ्याकडे बघत होत्या. ताटात एकच वडी उरलेली. ती त्यांनी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या जी."

मी घेतली. खाल्ली. खैरूनबी म्हणतात ते खरं होतं, मीठ कमीच होतं.

मग आम्ही नियम उलटा केला. घरच्यांनी पलंगाशी येऊन आधी जेवायचं, सुभद्राबाईंसमोर. गुरुजींना हे सांगितलं तर त्यांना आपली पदावनती झाल्यासारखं वाटलं. "इथे? या वासात? रुग्णांमध्ये?"

"तुमच्या घरचंच माणूस आहे गुरुजी."

ते बसले. सुभद्राबाईंनी पहिली वडी त्यांच्या हातावर ठेवली. गुरुजींनी चावली आणि चेहरा असा केला, जणू कोणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलंय. "ही बेचव आहे." मी म्हटलं, हो, आणि अजून तीन खायच्या आहेत. मग वंदना, मग मावशी, मग खैरूनबी. राउंडला आलेल्या डॉक्टरांनाही सुटका नव्हती. घड्याळ बघत, उभ्याने, हातमोजे काढून एकेक वडी खायचे बिचारे. वॉर्डात स्टाफने खायचं नाही अशी पाटी होती, तिच्याखाली उभं राहून. महाराज खालून निरोप धाडायचे, "पेशंट एक अन् पंगत कायची करून राह्यल्या मॅडम?"

आणि सगळ्यांचं झालं की सुभद्राबाई खायच्या. खरंच खायच्या! पण काय? कोपऱ्याची मोडकी वडी, निवलेली, वरून कोरडी पडलेली. चांगली अखंड दिसली की बोटं आपोआप दुसऱ्याकडे वळायची. ताटात कितीही वाढा, त्यांच्या पोटात जायचं ते चार घास. शिवाय कोरडं झालेलं बेसन त्यांच्या घशाला धोक्याचं. एकदा ठसका लागला तो मला आजही ऐकू येतो. सिस्टर पाठ थोपटत होती आणि त्या मात्र डाव्या हाताने ताट सिस्टरकडे सरकवत होत्या.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे गोड आहे सगळं, पण कॅलरी भरत नाहीत. परवा डिस्चार्ज आहे. उद्या दुपारचं जेवण मी स्वतः उभा राहून बघतो. पुरेसं खाल्लं तर ठीक. नाहीतर नळी घालूनच घरी पाठवतो." त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

मी गुरुजींना व्हरांड्यात गाठलं. सांगितलं, घरी गेल्यावर यांना आधी वाढायचं. गरम, मऊ, पहिलं ताट. तुम्ही नंतर.

"आमच्याकडे तशी पद्धत नाही," गुरुजी म्हणाले. "आणि मी म्हटलं तरी ती ऐकणार नाही. तिला त्यातच समाधान आहे. त्यापेक्षा नळीच बरी. वेळेवर जाईल, मोजून जाईल. रोज कोण बघत बसणार?"

मला बोलायचं खूप होतं. तेवढ्यात वंदना, जी सासऱ्यासमोर कधी मान वर करत नव्हती, ती म्हणाली, "अन् हात कोण बांधन बाबा? मी नाई बांधत. तुम्ही बांधान काय?"

गुरुजी वर्तमानपत्र उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी नेमकी जेवणाच्या वेळी लिफ्ट बंद पडली. खालून वर जेवण यायला भलता उशीर. त्यातून सकाळी तपासणी होती म्हणून सुभद्राबाईंना नाश्ताही नव्हता. वॉर्ड नुसता भुकेने खवळलेला. खैरूनबी व्यवस्थापकांच्या सात पिढ्यांची चौकशी करत होत्या. डॉक्टर दोनदा येऊन परत गेले, तिसऱ्यांदा आले ते हाताची घडी घालून उभेच राहिले. सिस्टर मेश्रामने ट्रॉलीवर नळीचं पाकीट आणून ठेवलं होतं. पट्टीचा गुंडाळाही. मी तो उचलून पदराआड धरला. उगीच. त्याने काय होणार होतं?

शेवटी महाराज स्वतः जिन्याने धापा टाकत ताट घेऊन आले. वड्या इतक्या गरम की वाफ निघत होती. मी फुंकर घालून ताट सुभद्राबाईंच्या डाव्या बाजूला ठेवलं. वंदनाने मागे उशी लावून त्यांना ताठ बसवलं. गुरुजी स्टूल पुढे ओढून बसले आणि रोजच्या सवयीने त्यांनी तळहात पुढे केला.

सुभद्राबाईंनी मधली वडी उचलली. अखंड, चांगली जाड. हात गुरुजींच्या दिशेने निघाला. अर्ध्यात थांबला. त्यांनी वडीकडे बघितलं. मग ती स्वतःच्या तोंडात घातली.

आता यावर कोणी मोठं भाषण करू नये. त्या काही बदलबिदल घडवायला निघाल्या नव्हत्या. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, समोर गरम वडी होती, भूक लागली होती. बस. पण खैरूनबीसुद्धा व्यवस्थापकांच्या पिढ्या सोडून इकडे वळल्या. आम्ही सगळे त्या बाईच्या गळ्याकडे बघत होतो. गुरुजींचा हात तसाच हवेत, तळवा उघडा. त्यांनी हाताकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि जन्मभर सांभाळलेलं शुद्ध मराठी त्यांच्या तोंडून गळून पडलं.

"अन् मले?"

सुभद्राबाई चावत राहिल्या. डाव्या दाढेने, सावकाश. घास तोंडात असताना बोलायचं नाही, हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी गिळलं, नीट, ठसका न लागता. ओठांवरून जीभ फिरवली.

"थांबा," त्या म्हणाल्या, आणि दुसरी वडी उचलली.